पोत छान आलीय

१

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर ऋताची खोली होती आणि त्या खोलीला गंगेकडे उघडणारी मोठी खिडकी होती. त्या खिडकीच्या मोहापायी ती बनारस सोडत नाही, असं तिचे पुण्याचे मित्र म्हणायचे. खरं कारण काकू होत्या. पण काकूंसाठी राहिले असं सांगितलं की लोक उगाच गहिवरतात, म्हणून ती खिडकीचं नाव पुढे करायची.

ऋता चित्रकार होती. निसर्गचित्रं काढायची, पण त्यांत झाड शोधायला जाल तर सापडायचं नाही. खाली पाण्याचा एक आडवा पट्टा, त्याच्यावर रेतीचा पट्टा, आणि वर धुकं की आकाश ते ज्याचं त्याने ठरवावं. हे सगळं इतकं जाड थरांत की हात फिरवला तर खरखर लागावी. ती खरखर खरी होती, कारण रंगाखाली थापायच्या लुकणात, त्या घट्ट लगद्यात, ती पलीकडच्या तीरावरची रेती मिसळायची. थंडीत गंगा आटली की समोर रेतीचं मैदान उघडं पडतं. मग गोपीनाथ नावाड्याच्या नावेतून ती जायची, एक पोतं भरून आणायची, धुऊन, चाळून गच्चीवर वाळवायची. पुण्याच्या प्रदर्शनात कुणीतरी त्या खरखरीला 'पोत' म्हणालं. बनारसच्या घरगुती मराठीत हा शब्द कुणी वापरत नव्हतं. ऋताला तो भारी आवडला आणि घरी येऊन तिने काकूंनाही शिकवला. चित्राचा पोत, कापडाचा पोत, मातीचा पोत. काकूंनी ऐकून घेतलं.

काकूंना मराठी शिकवणं हा घरातला जुना खेळ होता. हिंदीच्या शेजारात चार पिढ्या काढलेल्या घरांत शब्दांची लिंगं ठिकाणावर राहत नाहीत. काकू 'मजा आला' म्हणायच्या, ऋता 'आली' म्हणायची, आणि काकू 'बरं, आली तर आली' म्हणून हसायच्या.

आई गेल्यावर काकूंनीच ऋताला वाढवलं. काका, म्हणजे विश्वेशकाका, गंगेपलीकडे रामनगरला शाळेत शिकवायचे. ऋता लहान असतानाच एका दुपारी तिथल्या बाजारात भाजी घेताना कोसळले आणि जागीच गेले. पलीकडच्या तीरावर मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो, असं काशीत म्हणतात. कुणी दुष्टपणाने म्हणत नाही, सवयीने म्हणतात. काकांच्या बाराव्याला आलेल्या लोकांतही कुणी तरी म्हणालं. काकू कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी भटजींना बोलावलं आणि क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीच्या सीमेबाहेर पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून त्या नागपूरच्या लग्नांना गेल्या नाहीत, ऋताचं एकही प्रदर्शन त्यांनी पाहिलं नाही, आणि नावेत बसल्या तरी ती मधल्या धारेपलीकडे, काशीच्या हद्दीबाहेर, जाऊ दिली नाही.

या थंडीत काकू मोरीत पडल्या. खुबा मोडला, मग छातीत पाणी झालं, आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता घरीच ठेवा. ऋताने त्यांचा पलंग आपल्या खोलीत, खिडकीशी आणला, म्हणजे पडल्या पडल्या गंगा दिसेल. चित्राची घोडी भिंतीकडे सरकवली. काकूंनी तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली.

"मला इथंच जाऊ दे," त्या म्हणाल्या. "इस्पितळ नको, काही नको. या तीरावर जाऊ दे म्हणजे झालं."

ऋताने त्यांचा हात धरून हो म्हटलं. इतकी साधी मागणी तिच्याकडे याआधी कुणी केली नव्हती.

२

बनारसचे घाट सगळे पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य पलीकडच्या रेतीतून वर येतो आणि त्याचं पहिलं ऊन ऋताच्या खोलीत अगदी आडवं शिरतं. अशा उन्हात जाड चित्र निराळंच दिसतं. प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते आणि दिवसा सपाट वाटणारा भाग उठून येतो. ऋता सकाळी चहा घेता घेता ते बघत बसायची. कुठे थर वाढवायचा, कुठे खरवडायचा, ते त्या वेळी कळायचं.

घोडीवरचं चित्र मोठं होतं, दोन माणसांनी उचलावं एवढं. रेतीचा पट्टा नुकताच वाळला होता. काकू उशीवर मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"पोत छान आलीय गं," त्या म्हणाल्या.

"आलाय, काकू. पोत छान आलाय."

काकू नेहमीसारख्या हसल्या नाहीत. 'आलाय तर आलाय' असंही म्हणाल्या नाहीत. चित्राकडे बघत राहिल्या. औषधाने गुंगी येते, असं मनाशी म्हणून ऋताने त्यांना चमच्याने चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काकू पुन्हा तेच म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या की जुनी आहे, पण मणी सगळे शाबूत दिसतात.

ऋताच्या हातातला चमचा थांबला. पोत. काळ्या मण्यांची, लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातली. काकूंनी शब्दाचं लिंग चुकवलं नव्हतं. त्या चित्राच्या पोताबद्दल बोलतच नव्हत्या.

"कुणाची पोत, काकू?"

"त्या बाईची. रेतीवर उभी आहे ती."

३

ऋताने पलंगाशी गुडघे टेकले आणि काकूंच्या गालाशी गाल लावून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघितलं. काकूंच्या अंगाला कापराचा आणि तापाचा वास येत होता.

रेतीच्या पट्ट्यात डावीकडे एक उभा उंचवटा होता. सुरी ओढताना लुकण जास्त लागलं असेल. त्याची सावली अरुंद पडली होती, वर गोलसर, मध्ये थोडी वाकलेली. पदर डोक्यावरून घेतलेली बाई पाठमोरी उभी राहिली की अशी दिसते. मानेपाशी काळ्या ठिपक्यांची एक बारीक ओळ होती. लुकणात हवा राहिली की वाळताना बुडबुडे फुटतात आणि अशी भोकं पडतात. ऋताला हे माहीत होतं. भिंतीच्या ओलीत आणि ढगांत माणूस दिसतोच, डोळ्यांना दुसरं काही येत नाही, हे ती आपल्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांना दर वर्षी सांगायची.

"मधला एक मणी तांबडा आहे बघ," काकू कानाशी म्हणाल्या. "पोवळ्याचा. माझीच आहे ती."

ऋता उठून चित्राजवळ गेली. ठिपक्यांच्या ओळीत मधोमध एका भोकातून तांबडं दिसत होतं. तेही बरोबरच होतं, ती सगळ्यांत खाली गेरूचा हात देत असे. काकूंची पोत मात्र तिने कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. काका गेले तेव्हा काकूंनी ती गंगेत सोडली होती, एवढंच तिला ऐकून ठाऊक होतं. गंगेत सोडलेलं कुठे ना कुठे लागतंच, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. ऊन वर चढलं, सावली आखडली, आणि चित्रात रेतीखेरीज काही उरलं नाही.

दुपारी काकूंचा डोळा लागल्यावर ऋताने सुरीने तो उंचवटा खरवडून काढला. वर नवं लुकण लावलं आणि पट्टीने ओढून सपाट केलं. अंगठ्याने चाचपून पाहिलं. पाटीसारखं गुळगुळीत झालं होतं.

सकाळी ती बाई पट्ट्याच्या मधोमध होती. आधीपेक्षा मोठी दिसत होती. ऋताने तिथे सुरी लावलीच नव्हती.

"आज जरा वळलीय," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. घाटावर रोज भेटणाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

अंग पुसायला ऋताने काकूंच्या पायांवरची रजई काढली आणि तिचे हात जागच्या जागी राहिले. काकूंचे तळवे ओले होते. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत बारीक, पांढरी, ओली रेती होती. पडल्यापासून त्या पायांनी जमिनीला स्पर्श केला नव्हता.

४

रेती चित्रावरूनच गळली असेल, असं ऋताने स्वतःला समजावलं. वारा येतो, घोडी पलंगापासून काही फार लांब नाही. पण वाळलेली रेती ओली कशी झाली? मग तिने अंग पुसायच्या ओल्या फडक्याला दोष दिला. तिने पाय पुसले, चादर बदलली, खोली झाडली, चित्राला धोतर गुंडाळून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. गच्चीवरचं रेतीचं पोतंही खाली घाटावर नेऊन रिकामं केलं. संध्याकाळी तिने रजई उचलून पाहिलं तेव्हा तळवे पुन्हा तसेच होते, आणि आता घोट्यांपर्यंत रेती होती.

खालच्या मजल्यावरची अवनी रोज येऊन बसायची. ती शाळेत शिकवायची, बोलायची अर्धं हिंदी, आणि काकूंवर तिचा जीव होता. ऋताने तिला पाय दाखवले. अवनीने बोटावर रेती घेतली, हुंगली आणि बोट लगेच पुसून टाकलं. म्हणाली, "ताई, हे घरात ठेवायची चीजच नाही. तुम्ही हे सब परत टाकून या."

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं आणि खोलीत ऊन आलंच नाही. काकूंचा श्वास घरघरत होता. ऋताने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडून निघून गेलं. ती बाई आजही दिसते का, असं तिने विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "आता ती कुठे दिसणार? आता ही खोली दिसते."

"खोली दिसतेच ना काकू. खोलीतच आहेस तू."

"लांबून दिसते. घाट सगळे एका ओळीत दिसतात. पंचगंगा, बालाजी. आपली खिडकी किती छोटी आहे गं." त्यांनी ओठ ओले केले. "खिडकीत तू उभी आहेस. मी हात केला, तू बघितलं नाहीस."

ऋता तेव्हा खिडकीत उभी नव्हती. पण पहाटे होती. धुक्यात समोरचा तीर दिसतो का, ते बघत होती.

"रेती फार थंड आहे," काकू म्हणाल्या आणि एकाएकी त्यांनी ऋताचं मनगट पकडलं. बोटांत पूर्वीचं बळ होतं. "मला पलीकडे ठेवू नकोस. तू हो म्हणालीस ना?"

ऋताला रडू फुटलं. एवढी एकच गोष्ट या बाईने मागितली होती आणि तीच तिच्या हातून निसटत चालली होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण चूक कुठे झाली ते कळत होतं. काकू जन्मभर त्या तीराला पाठ करून बसल्या आणि हिने तो तीर पोत्यात भरून त्यांच्या उशाशी आणला. काशीत मरायला निजलेल्या माणसाला तिने रेतीत निजवलं होतं. जे आणलं ते परत नेऊन टाकायचं, एवढंच तिला सुचलं. अवनीनेही तेच सांगितलं होतं.

५

धुकं विरल्यावर तिने गोपीनाथला बोलावलं. अवनी काकूंजवळ बसली. काकूंचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता. ऋता आणि गोपीनाथने मिळून चित्र भिंतीपासून उचललं. ते नेहमीपेक्षा जड लागलं. दारातून वळवताना चौकट उंबऱ्याला लागली.

"हळू ने गं," काकू म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

चित्राची त्यांना काळजी वाटते, असं ऋताला वाटलं. ती हो म्हणाली आणि जिना उतरू लागली.

गोपीनाथने चित्र नावेत आडवं ठेवलं आणि वल्ही घेतली. तो रोज बोलका असायचा. थंडीत येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांबद्दल, त्यांना चारायची शेव विकणाऱ्यांबद्दल काही ना काही सांगायचा. आज मधल्या धारेपर्यंत तो नावेच्या कडेकडेच बघत होता. मग म्हणाला, "दीदी, आप ज़रा उधर हो जाइए. नाव इस तरफ़ दब रही है."

ऋता सरकली. चित्र ठेवलं होतं त्या बाजूने नाव पाण्याला टेकली होती. गोपीनाथने खाली वाकून बघितलं, कुठे पाणी शिरतंय का म्हणून, आणि पुन्हा वल्हवू लागला. नाव शेवटपर्यंत सरळ झाली नाही.

पलीकडे पाय ठेवल्यावर ऋताला हायसं वाटलं. ऊन चांगलं पडलं होतं. दूर दोन उंट होते, एक पोरगा पतंग उडवत होता, कुठेच काही भिण्यासारखं नव्हतं. गोपीनाथ नावेपाशी विडी ओढत थांबला. ऋताने चित्र ओढत बरंच आत नेलं, धोतर सोडलं, चित्र रेतीवर उताणं ठेवलं आणि सुरी घेऊन खरवडायला बसली.

लुकण खपल्यांनी निघत होतं. धुकं गेलं, पाणी गेलं, रेतीचा पट्टा गेला. तिने सगळं हाताने चुरलं आणि आजूबाजूला उधळलं. जे इथलं ते इथे. खालचं कापड उघडं पडेपर्यंत ती थांबली नाही. मग कंबर सरळ करायला उठली आणि तिने समोर बघितलं.

घाट सगळे एका ओळीत दिसत होते. पंचगंगा, त्याच्या शेजारी बालाजी. वर त्यांच्या घराची खिडकी, नखाएवढी. तिच्यात पलंगाचा कठडासुद्धा ओळखू येत होता.

काकूंनी हे इथून बघितलं होतं. याच जागेवरून, अंथरुणात पडल्या पडल्या. त्या रेतीत उतरत गेल्या, आधी तळव्यांपर्यंत, मग घोट्यांपर्यंत, आणि मग त्या चित्रातली बाई दिसेनाशी झाली, कारण तिथे आता त्याच होत्या. ऋता रेती परत करायला आली नव्हती. चित्र घरात, काशीत होतं, तोवर काकूही काशीत होत्या. तिने त्यांना उचलून, नावेत घालून, धार ओलांडून इकडे आणलं होतं.

६

पिशवीत फोन वाजू लागला. अवनीचं नाव होतं. ऋताने तो उचलला नाही. अवनी काय सांगणार ते तिला माहीत होतं, आणि ते ऐकेपर्यंत थोडा वेळ आहे असं तिला धरून चालायचं होतं.

"ऋता," पाठीमागून काकू म्हणाल्या. आवाज बरा होता, घरघर नव्हती. "आपण कुठं आलो गं?"

ऋताने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गळ्यातली पोत दिसली असती आणि मग नाही म्हणायला जागा राहिली नसती. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी रेती धोतरात भरू लागली. रंगाने निळसर झालेला कण दिसला की तो आपल्या चित्राचा, असं ती धरत होती. पण असे कण थोडे होते आणि बाकीची रेती इथून तिथून सारखीच होती.

"घरीच आहोत, काकू."

"मग पाय इतके गार का पडलेत?"

"फरशी गार आहे. तू पडून राहा, मी रजई आणते."

काकूंशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. बोलायची वेळच त्यांनी कधी आणली नव्हती. धोतराचं गाठोडं भरलं, तिने ते उचकटलं, चाळून पाहिलं आणि पुन्हा भरायला घेतलं. गोपीनाथ विडी टाकून धावत आला आणि काय हरवलं म्हणून विचारू लागला. ती रेती भरतच राहिली. तोही वाकून, काय शोधायचं ते न कळताच, रेती चाचपू लागला.

फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"काकू, बोलत राहा," ऋता म्हणाली. "नेमकी कुठे आहेस ते मला कळू दे. मी तुला घेते."

काकू बोलत राहिल्या. मोरीतला दिवा चालू राहिलाय, अवनीला चहा दे, रजई आणतेस ना. ऋता आवाजाच्या रोखाने गुडघ्यांवर सरकत होती आणि जिथे पोचेल तिथली रेती भरत होती. ती पोचायची तेव्हा आवाज आणखी थोडा पुढून यायचा.